‘गाडी येते’ म्हणजे नेमके काय येते?

(पोफळी येथे पालक व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पोफळीला यायचे आणि विजेविषयी बोलायचे नाही, हे जरा अवघड आहे. १९६२ साली इथल्या डोंगराच्या पोटातले वीजगृह सुरू झाले आणि कोयनेचे पाणी, जे एरवी पूर्वेला कृष्णेकडे गेले असते, ते वीज देऊन पश्चिमेला वाशिष्ठीत उतरू लागले. महाराष्ट्राच्या कारखान्यांची चाके या गावाच्या भरवशावर फिरली. आजचा माझा विषय मात्र वेगळा आहे. आपल्या घरातली चौदा-पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली स्कूटर घेऊन रस्त्यावर येतात, त्याविषयी मला बोलायचे आहे. पण सुरुवात वीजगृहापासूनच करतो, कारण या विषयात सांगण्यासारखे जे आहे ते पोफळीकरांना इतरांपेक्षा लवकर समजेल, अशी माझी खात्री आहे.

वीजगृहात किंवा उपकेंद्रात एखाद्या यंत्रावर काम करायचे असेल तर काय करतात? मी कला शाखेचा पदवीधर. तुमच्यापैकी अनेकांना हे माझ्याहून शंभरपट अधिक ठाऊक आहे. आधी लेखी परमिट काढतात. पुरवठा तोडतात. अर्थिंग करतात. ‘काम चालू आहे’ असा फलक लावतात. काम संपवून, माणसे मोजून, परमिट परत दिल्याखेरीज कोणी बटणाला हात लावत नाही. तीस वर्षे नोकरी झालेला माणूसही ‘मला येते, परमिट कशाला?’ असे म्हणत नाही. म्हटले तर त्याचे सहकारीच त्याला बाजूला करतील. यात कोणाला अपमान वाटत नाही, कारण या शिस्तीच्या मागे पूर्वी गेलेल्या माणसांचे जीव आहेत, हे सर्वांना माहीत असते.

आणि हाच माणूस संध्याकाळी घरी येतो. बूट काढतो, चहा घेतो, वर्तमानपत्र उघडतो. दारामागच्या खिळ्याला स्कूटरची किल्ली लटकलेली असते. नववीतला मुलगा ती काढतो आणि ‘बाबा, जरा जाऊन येतो’ असे म्हणत निघून जातो. वर्तमानपत्रातून मान वर होत नाही. परमिट नाही, अर्थिंग नाही, फलक नाही.

आपण म्हणतो, ‘आमच्या बंड्याला गाडी येते.’ मराठी भाषेतील हे ‘येणे’ मोठे विलक्षण क्रियापद आहे. पोहायला येते, स्वयंपाक येतो, संस्कृत येते. शिकणे, शिकवणे, परीक्षा या साऱ्या पायऱ्या ते गिळून टाकते. संस्कृत येते म्हणणाऱ्याला आपण निदान एखादे रूप चालवून दाखवायला सांगतो. गाडी येते म्हणणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी शाळेच्या मैदानावर मामा किंवा चुलतभाऊ मागून धरून धावला, दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला त्याने हात सोडला, की गाडी आली! गिअर नसलेल्या स्कूटरमुळे तर ही दुपारही आखडली आहे. क्लच नाही, गिअर नाही. सायकलचा तोल ज्याला जमतो त्याला ही गाडी पंधरा मिनिटांत ‘येते’.

त्या पंधरा मिनिटांत खरे म्हणजे तोल आणि मूठ पिळणे एवढेच येते. थांबणे येत नाही. समोरचा ट्रक आपल्याला पाहतो आहे की नाही, हे ओळखणे येत नाही. वळणापलीकडून काय येऊ शकेल याची कल्पना मनात आधीच उभी करणे, म्हणजे ज्याला वाहन चालवणे म्हणतात, ते तर मुळीच येत नाही.

थोडे गणित करू. ताशी ४० किलोमीटर हा काही वेग वाटत नाही. पण या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर वासरू आडवे आले, ते डोळ्यांना दिसले, मेंदूने ओळखले आणि हात ब्रेकवर दाबला गेला, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, सराईत हातांनी, आणखी नऊ-दहा मीटर लागतात. नवशिक्या हातांना त्याहून अधिक, ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक. आणि वेग ४० ऐवजी ६० झाला, म्हणजे दीडपट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दीडपट न होता सव्वादोन पट होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आपला मुलगा हे परीक्षेत बिनचूक लिहितो, त्याचे गुणही मिळवतो, आणि पेपर टाकून बाहेर आल्यावर तिघांना स्कूटरवर घेऊन घरी येतो.

त्यात आपला रस्ता कोणता? गुहागरहून चिपळूणमार्गे कऱ्हाडकडे आणि पुढे विजापूरला जाणारा. कोकण आणि देश यांना जोडणारी जड वाहने पोफळीवरून कुंभार्ली घाट चढतात-उतरतात. घाटातली वळणे, पावसाळ्यात उतरणारे धुके, पहिल्या सरींनी तेल, धूळ आणि लाल माती यांचा रस्त्यावर होणारा निसरडा लेप, हे तुम्हाला मी काय सांगावे! एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण मुलांना ती कोणी सांगत नाही. गिअरची मोटरसायकल घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. विनागिअर स्कूटरमध्ये ही ओढ फार कमी मिळते. सारा भार ब्रेकवर येतो. मुलगा ब्रेक दाबून धरूनच घाट उतरतो, ब्रेक तापतात आणि ऐन तीव्र वळणावर त्यांची पकड ढिली पडते. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली, हे चांगले झाले. तरीही ब्रेक केव्हा लावायचा हे गाडीला ठरवता येत नाही.

माझ्या व्यवसायातला एक शब्दप्रयोग सांगतो. ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने अपघात.’ गेली तीस वर्षे जिल्हा वार्तापत्रांतून ही ओळ मी इतक्या वेळा तपासली आहे की ती आता डोळ्यांना दिसतही नाही. पण ताबा सुटायला तो आधी असावा लागतो! पंधरा वर्षांच्या मुलाचा त्या गाडीवर ताबा होता केव्हा? आपण बातमीत जो अपघात म्हणतो, तो कित्येकदा घरातून निघतानाच घडायला सुरुवात झालेली असते.

देशाचे चित्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात दिसते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या घरात. यातली काही पायी चालत होती, काही कोणाच्या मागे बसली होती, काही स्वतः चालवत होती. कोणत्याही युद्धात एका वर्षात आपण इतकी माणसे गमावलेली नाहीत. सीमेवरच्या एका जवानाच्या हौतात्म्याने गावेच्या गावे स्तब्ध होतात आणि ते योग्यच आहे. रस्त्यावरच्या या मरणाला मात्र आपण ‘नशीब’ म्हणतो आणि तेराव्याचे जेवण उरकतो.

आता कायद्याकडे वळतो. ‘सोळा वर्षांनंतर विनागिअर चालते’ असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो अर्धा खरा आहे, म्हणून अधिक घातक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षांनंतर जी मुभा दिली ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला, तीही रीतसर परवाना काढून आणि पालकाच्या लेखी संमतीने. हा कायदा झाला तेव्हा रस्त्यावर लूना होती. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली ती पायडलची लूना तुमच्यापैकी अनेकांनी चालवली असेल. चढावर ती थकायची आणि आपण पायडल मारायचो. त्या गाडीला समोर ठेवून ती मुभा समजून घ्या. पुढे २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली ती शंभर सीसीच्या वरची. आजच्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या आहेत. ५० सीसीची पेट्रोल गाडी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. कायद्यातली मुभा कागदावर राहिली, ती गाडी उरली नाही, आणि आपण मात्र लूनाच्या सवलतीवर १२५ सीसीची स्कूटर मुलाच्या हाती देतो आहोत. अठरा पूर्ण झाल्याशिवाय ती चालवता येत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचेही तसेच. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरहून अधिक न धावणारी गाडी मोटार वाहन धरली जात नाही, म्हणून तिला परवाना लागत नाही. पण दुकानदार ‘लायसन लागत नाही’ असे सांगून विकतो ती प्रत्येक गाडी त्या मर्यादेत असतेच असे नाही. कागद वाचून घ्यावा.

१ सप्टेंबर २०१९ पासून या कायद्यात १९९अ हे कलम आले आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड, बारा महिन्यांसाठी गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. ‘मला माहीत नव्हते’ हे सांगायची सोय आहे, पण ते सिद्ध करण्याचे ओझे पालकावर आहे. न्यायालय आधी असेच गृहीत धरते की गाडी तुमच्या संमतीने गेली. खिळ्याला लटकलेली किल्ली ही कोणत्या बाजूचा पुरावा ठरेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. पंचविशीपर्यंत परवाना नाही याचा अर्थही नीट ध्यानात घ्या. ज्या मुलाला उद्या वाहनचालक व्हायचे आहे, माल पोहोचवण्याचे काम करायचे आहे, त्याचा पोटापाण्याचा मार्गच सात-आठ वर्षे अडतो.

विम्याबद्दलही एक भ्रम आहे. ‘इन्शुरन्स आहे, कंपनी बघून घेईल.’ २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात सतरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्याची मोटरसायकल चालवताना अपघात केला होता. आपल्याला न सांगता त्याने किल्ली नेली, असे मालकाचे म्हणणे होते. आपले वाहन परवाना नसलेल्या अल्पवयीनाच्या हाती पडणार नाही हे पाहण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, असे न्यायालयाने सांगितले. मृताच्या कुटुंबाला कंपनीने भरपाई द्यायची आणि ती मालकाकडून वसूल करायची, हे कायम झाले. म्हणजे पगारातून, भविष्य निर्वाह निधीतून, प्रसंगी घर विकून ती रक्कम भरायची वेळ येऊ शकते.

पुण्याच्या कल्याणीनगरातील १९ मे २०२४ ची घटना आपण सर्वांनी वाचली. सतरा वर्षांचा मुलगा, बिननोंदणीची महागडी मोटार, दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते जागीच गेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि सारा महाराष्ट्र संतापला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. तो संताप रास्त होता. त्या दिवसांत चहाच्या टपऱ्यांवर, शाखेनंतरच्या गप्पांत, धनिकांच्या बिघडलेल्या मुलांविषयी आपण भरपूर बोललो. पण तिथल्या आणि इथल्या गोष्टीत एक धागा समान आहे. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती घरातल्या वडीलधाऱ्याने किल्ली जाऊ दिली. गाडीच्या किमतीत फरक आहे, मद्याचा भाग वेगळा आहे, पैशाच्या बळावर पुढे जे घडले ते तर आपल्या ऐपतीबाहेरचेच आहे. किल्लीची गोष्ट मात्र आपलीही आहे.

आता पालकांची बाजू. ती नाही असे मी म्हणणार नाही. इथून शिरगाव, पिंपळी, खेर्डी करीत बहादूरशेख नाक्यावर पोहोचायचे म्हणजे वीसेक किलोमीटर. मुले अकरावी-बारावीला चिपळूणला जातात, त्यात क्लासच्या वेळा विचित्र. एस.टी. चुकली की दिवस गेला. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात तर एस.टी. जवळजवळ बंदच होती. त्या महिन्यांत ‘तात्पुरती’ म्हणून मुलांच्या हाती गेलेली किल्ली संप मिटल्यावर परत खिळ्याला आली का, हे आपापल्या घरी तपासून पाहण्यासारखे आहे. मुलींच्या बाबतीत तर स्कूटरने फार मोठे काम केले आहे. आपल्या आयांना जे स्वातंत्र्य मिळाले नाही ते स्कूटीने आपल्या लेकींना दिले. म्हणूनच ती गाडी तिने अठराव्या वर्षी, नीट शिकून, परवाना खिशात ठेवून चालवावी.

‘नीट शिकून’ म्हणजे कोठे शिकून, हा प्रश्न आहेच. आपल्याकडची मोटार ड्रायव्हिंग स्कूल शिकवतात ती चारचाकी. दुचाकीचा ‘परवाना काढून देतात’, शिकवत नाहीत. शिकाऊ परवान्याची चाचणी २०२१ पासून घरबसल्या संगणकावर देता येते. सोय चांगली, पण मुलाऐवजी उत्तरे मोठा भाऊ देतो आणि आई कौतुकाने पाहते, अशी घरे आपल्याला माहीत नाहीत का? नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या अखेरच्या टप्प्यात मुलांची सायकलवर, खऱ्या रस्त्यावर, रहदारीची परीक्षा घेतात. जपानचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तिथे कायद्याने सोळाव्या वर्षी लहान इंजिनाच्या दुचाकीचा परवाना मिळतो. तरीही १९८२ मध्ये तिथल्या उच्च माध्यमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघांच्या राष्ट्रीय महासंघाने ‘तीन नकारां’चा ठराव केला. परवाना काढू देणार नाही, गाडी घेऊन देणार नाही, चालवू देणार नाही. सरकारची मुभा असताना पालकांनी स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन होते. ते कित्येक वर्षे चालले. पुढे लक्षात आले की नुसत्या मनाईने मूल शाळेतून बाहेर पडते ते रस्त्याबाबत कोरेच. तेव्हा सैतामा प्रांताने २०१९ मध्ये ती मनाई उठवून शाळेतच प्रशिक्षण सुरू केले. आधी किल्ली आवरली, मग शिकवणूक उभी केली. आपण दोहोंपैकी एकही केलेले नाही.

एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ती थोडी कडू लागेल. वर्षप्रतिपदेच्या शोभायात्रा, शिवजयंतीच्या मोटरसायकल फेऱ्या. ध्वज, फेटे, घोषणा, उत्साह! आणि त्यात डोक्यावर हेल्मेट किती जणांच्या? एका गाडीवर तीन-तीन, पुढच्याचे वय पाहावे तर ओठांवर मिसरूडही नाही. दहीहंडीच्या दिवशी मुंबईत गोविंदा पथकांच्या गाड्यांवर पोलीस जी कारवाई करतात ती काही विरोधकांची कारस्थाने नव्हेत. संचलनात पाऊल चुकले तर शिक्षक थांबवतो, ओळ पुन्हा लावतो. फेरीत मात्र कोणी कोणाला थांबवत नाही, कारण उत्साहाला विरजण नको! पुढच्या फेरीची सूचना काढताना ‘परवाना असलेलाच चालवेल, हेल्मेट असेल त्यालाच फेरीत घेऊ’ ही एक ओळ घाला. पहिल्या वर्षी गाड्या कमी दिसतील, दिसू द्या. फेट्याची हौस असेल त्याने पायी चालावे, फेटा तिथे अधिक शोभतो.

घरी काय करावे, हे मी थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही सारे सुज्ञ आहात. किल्ली खिळ्यावरून काढून कपाटात ठेवावी. दूध आणायला, दळण टाकायला मुलाला गाडीवर पाठवू नये. ही छोटी कामेच सवयीचे मूळ आहेत, आणि ती आपणच सांगतो. सायकल द्यावी, पण डावी बाजू, हाताची खूण, मागे वळून पाहणे हे सारे सायकलवरच पक्के करून घ्यावे. अठरा झाल्यावर शिकाऊ परवाना काढून किमान एक पावसाळा मोठ्या माणसाला मागे बसवून चालवू द्यावे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे. तसे नसलेले विकायला जून २०२१ पासून मनाई आहे. हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. कोपराला अडकवलेले हेल्मेट कोपराचेच रक्षण करते. आणि वडिलांनी स्वतः ते घालावे. ज्या घरात बाबा नाक्यावरचा पोलीस दिसला की हेल्मेट चढवतात, त्या घरात मुलाला कायद्याविषयी वेगळे शिकवण्याची गरज उरत नाही; तो शिकलेला असतो.

निवृत्त कर्मचाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. सुरक्षिततेचे प्रशिक्षण तुम्ही आयुष्यभर घेतले आणि दिले. महिन्यातून एक रविवार सकाळी, शाळेच्या परवानगीने, मैदानावर चुन्याच्या रेघा मारून ११ मीटर किती असतात हे मुलांना चालून दाखवा. सायकलवरून येऊन ठरलेल्या रेघेवर थांबायला सांगा. पहिल्या दिवशी बहुतेक जण रेघ ओलांडतील. फळ्यावरच्या समीकरणापेक्षा ती रेघ त्यांच्या अधिक ध्यानात राहील.

राहिला प्रश्न एस.टी.चा. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, मुलग्यांना सवलतीचा पास आहे. पण वेळेवर गाडीच नसेल तर पासाचा उपयोग काय? मुलांच्या हातून किल्ली काढून घ्यायची तर त्यांना बस मिळवून देणे हे आपले काम आहे. चिपळूण आगाराला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा बाहेरच्या मेजावर ठेवला आहे. त्यात महाविद्यालयाच्या वेळेची एक आणि क्लास सुटल्यानंतरची एक, अशा दोन गाड्यांची मागणी आहे. सहीसोबत आपल्या पाल्याची इयत्ता व जाण्या-येण्याची वेळ लिहावी, म्हणजे आगारप्रमुखांना नेमकी संख्या कळेल. सकाळची गाडी सहाला हवी की साडेसहाला, यावर मघाशी दोन मते कानांवर आली. ती इथून निघण्याआधी मिटवून घ्या; कागदावर एकच वेळ जाऊ द्या.